दहाचा पाना

तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी पहिल्यांदा ओरडली
तेव्हा मी स्वप्नात एक्स्चेंजमध्ये होते,
फ्रेमपुढे, कानाला टेस्ट फोन,
आणि वाटलं, कुठल्याशा लाइनवर कोणी
रिसिव्हर नीट न ठेवता झोपी गेलंय.

दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री दोनदा.
बिबवेवाडीच्या आमच्या तीन मजल्यांत
दिवे खालून वर लागत गेले
आणि गॅलऱ्यांतून खोकले आले,
ज्यांचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो.
सकाळी गोळविलकर नुसतं म्हणाले, "तुमचीच ना?"
शाळेतून तक्रार आलेल्या पोराबद्दल विचारावं तसं.

पद्माकर म्हणाला, मांजर असेल.
मांजराला वॉचमनने दोन रात्री हाकललं.
मग म्हणाला, डिकीचं बटण.
मग टपावर पडणाऱ्या शेंगा.
चोर सोडून आम्ही एकेका संन्याशाला
फाशी देत होतो,
आणि चोर तर मुळात नव्हताच.

तीस वर्षं मी टेलिफोनमध्ये फॉल्ट शोधले.
आधी कान लावायचा, मत नंतर.
रविवारी दुपारी बोनेट उघडलं, कान लावला.
सायरन दिसत नाही.
तो दिसू नये म्हणूनच बसवलेला असतो,
डाव्या चाकाच्या वर, काळ्या प्लास्टिकमागे,
अकरा क्लिपांच्या आड. चार तुटल्या.
कोपरापर्यंत हात घातला.
दोन बोल्ट दिसत होते,
तिसरा फक्त बोटांना.

"बॅटरी धर."
"कुठली?"
गाडीची मी केव्हाच सोडवली होती, काळी तार आधी.
हातातली रे, उजेडाची!
तिसरीही एक आहे
हे आम्हा दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

कनेक्टर ओढला
आणि तो माझ्या हातात किंचाळायला लागला.
ना तार, ना गाडी, नुसता मूठभर काळा डबा,
आणि अख्खी सोसायटी गॅलरीत.
पद्माकरने हिसकावला, जिना चढून पळाला,
मी मागोमाग, ग्रीसच्या हातांनी,
तोवर त्याने तो तांदळाच्या डब्यात खुपसलेला.
तांदळाखालून तो बराच वेळ ओरडत राहिला,
मग घसा बसल्यासारखा,
मग नळाचं पाणी जाताना होतो तसा आवाज,
मग काहीच नाही.
आम्ही ओट्याशी उभे. आधी मी हसले.

सुरीने कड उचकटली.
आत दोन इवले सेल, पोटं फुगलेली,
लोणच्यावर धरावी तशी पांढरी हिरवी बुरशी,
आणि तांब्याची एक रेघ मधेच खाल्लेली.
कोणी मुख्य तार कापलीच तर
तरी ओरडता यावं, म्हणून बांधून दिलेली शिदोरी.
तीच आत नासली होती.
तो खोटं ओरडत नव्हता.
फक्त बाहेरचं सांगत नव्हता.

नाना पेठेत मुर्तझाभाईंनी तो उलटा सुलटा पाहिला,
नखाने बुरशी खरवडली, विचारलं,
"ओरिजिनल पाहिजे, का वाजणारा?"
मी दुसरा घेतला. एकोणीसशे, बिलाशिवाय.

बसवायला वीस मिनिटं. काढायला तीन तास लागले होते.
चाचणीआधी मान वर करून ओरडले,
"टेस्टिंग आहे हो!"
जुनी सवय, जणू पलीकडे कोणी लाइनवर आहे.
गोळविलकरांनी कप उंचावला.
गाडी लॉक केली, थांबले, काच हलवली.
वाजला. खणखणीत. बंद केल्यावर बंदही झाला.

रात्री तीन दहाला जाग आली ती माझी मला.
मार्केट यार्डाकडे कांद्याचे ट्रक गिअर बदलत होते.
खिडकीच्या कट्ट्यावर
पान्याशेजारी एक बोल्ट पडलेला,
काढले तीन, लागले दोन.
पद्माकर म्हणतो, त्याच्याशिवायही घट्ट बसलाय.
असेल.
उजाडलं की पुन्हा चाक वळवून बघते.